त्याच घरी पुन्हा या: सोलापुरात डॉक्टरकी शिकणाऱ्यांना खुलं पत्र

सोलापुरात शिकणाऱ्या सगळ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना, आणि त्यांना वस्तीत घेऊन येणाऱ्या सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी शहराच्या पूर्व भागात आशा म्हणून काम करते. तुमची बस मुख्य रस्त्यावर थांबते आणि तिथून तुम्हाला गल्लीबोळातून घरोघरी नेणारी जी बाई असते, ती मी. माझी अम्मा विड्या वळते. तिची आईही वळायची. ज्या घरांत तुम्ही फॉर्म घेऊन येता, तसल्याच एका खोलीत मी वाढले. हे काम दाराच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पाहिलं आहे, म्हणून लिहिते आहे.

या पत्रामागे एक शून्य आहे. ते आधी सांगते.

१९९६ साल असेल. मी अकरा वर्षांची होते. एका दुपारी सात-आठ विद्यार्थी आमच्या दारात येऊन उभे राहिले, सगळ्यांच्या अंगात पांढरे अ‍ॅप्रन. आमची खोली दहा बाय दहाची. अम्मा भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन बसलेली. सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याची गुंडी. संध्याकाळपर्यंत हजार विड्या व्हायच्या होत्या. विद्यार्थी उंबऱ्याच्या पलीकडेच थांबले. एकीनं नाकाला रुमाल लावला होता. अम्माला मराठी समजतं, पण बोलायची वेळ आली की तोंडात तेलुगूच येतं. म्हणून मला पुढे केलं.

किती बाळंतपणं झाली, विचार. मी विचारलं. किती मुलं आहेत, विचार. विचारलं. मग त्या मुलानं फॉर्मवर बोट ठेवून म्हटलं, "गर्भपात किती?" मला तो शब्द माहीत नव्हता. मी नुसतीच त्याच्याकडे बघत राहिले तेव्हा तो ओशाळला आणि म्हणाला, "म्हणजे, पोटातच बाळ गेलं का, असं विचार." खोलीत माझा चुलता झोपलेला होता, रात्रपाळी करून यंत्रमागावरून आलेला. दारात शेजारच्या दोघी उभ्या होत्या. मी तेलुगूत विचारलं. अम्मानं हातातली विडी बांधून पूर्ण केली, सुपात ठेवली आणि मान वर न करता म्हणाली, "लेदु." नाही. त्यानं फॉर्मवर शून्य लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

ते शून्य खोटं होतं. अम्माची दोन बाळं पोटात गेली होती, त्यातलं एक पाचव्या महिन्यात. माझ्या पहिल्या बाळंतपणात मला तेल लावताना तिनं ते सांगितलं. तोवर माझ्या वडिलांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

त्या मुलावर माझा राग नाही. तोही वीस-एकवीस वर्षांचा असेल, त्यालाही कुणी सांगितलं नसेल की असा प्रश्न मुलीच्या तोंडून आईला विचारायचा नसतो. पण एवढ्या वर्षांत मी हे मात्र शिकले, की बाईनं खरं सांगावं की नाही हे तुम्ही तिच्या दारात कसे उभे राहिलात यावर ठरतं. तुमच्या वागण्याला कॉलेजात शिस्त म्हणत असतील. वस्तीत तुमच्या वागण्यावर तुमच्या वहीतला आकडा खरा की खोटा ते ठरतं. वहीतला आकडा खोटा असेल तर त्याच्यावर उभा राहिलेला तुमचा सल्लाही खोटाच.

आता तर तुमच्या अभ्यासक्रमातच हे आलं आहे. २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद हा वेगळा भाग तुम्हाला शिकवतात. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कुटुंब दत्तक उपक्रम आणला. पहिल्या वर्षापासूनच प्रत्येकानं काही कुटुंबं घ्यायची आणि पुढची वर्षं त्यांच्याकडेच जात राहायचं. एका मुलीच्या लॉगबुकात मी तास वाचले: पहिल्या वर्षी २७, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २१. मिळून ७८ तास. कल्पना फार चांगली आहे. दत्तक हा शब्द मला जरा टोचतो. साठीची बाई वीस वर्षांच्या मुलीला दत्तक कशी जाणार? आमच्या गल्लीतल्या बायकांनी स्वतःचा शब्द काढला आहे. त्या म्हणतात, "आमची पोरगी आली." हे जास्त खरं आहे, कारण पहिली दोन वर्षं तुम्ही घ्यायलाच येता. शिकून जाता. देण्यासारखं तुमच्याकडे नंतर येतं.

७८ तास त्याच घरांत घालवले तर पुष्कळ होतात. प्रत्यक्षात काय होतं ते मी पाहते. दुसऱ्या वर्षी गट बदलतात, घरं बदलतात. कुणी फोनवरून विचारून वही भरतं. कुणी आधीच्या बॅचच्या वहीतून उतरवून घेतं. एका वहीत मी एका आजोबांचं त्या महिन्याचं बीपी लिहिलेलं पाहिलं. आजोबा त्याच्या चार महिने आधी वारले होते. मी त्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, तो रडवेला झाला, त्याची परीक्षा होती, झोप नव्हती, सगळं खरं होतं. तरी माझ्या मनातून ते जात नाही. त्या आजोबांच्या बायकोनं त्याला दोनदा चहा पाजला होता.

म्हणून पहिली विनंती: त्याच घरी पुन्हा या. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

पहिल्या भेटीत प्रश्न विचारू नका. खरंच, एकही नको. नाव सांगा, गाव सांगा, आई-वडील काय करतात ते सांगा. आमच्या बायकांना ते जाणून घ्यायचं असतं आणि त्यांना तो हक्क आहे. तुम्ही त्यांच्या पोटापाण्याचं, पाळीचं, व्यसनाचं सगळं विचारणार आहात. चपला बाहेर काढा आणि खाली बसा. चटई दिली तर चटईवर, नाही दिली तर फरशीवर. उभ्या माणसाला बसलेली बाई एका शब्दात उत्तर देते. तंबाखूचा वास येतो, मला माहीत आहे, खोकलाही येतो. दाराजवळ बसा, पण नाक झाकू नका. त्या वासात त्या बाईचा जन्म गेलेला असतो. चहा आला तर घ्या, चालत नसेल तर पाणी मागून घ्या. काहीच न घेता उठलात तर आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा लागतो.

अ‍ॅप्रनबद्दल. सकाळी वॉर्डात घातलेला अ‍ॅप्रन दुपारी बाळंतिणीच्या खोलीत घालून येऊ नका. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, पण मी तसं होताना पाहिलं आहे. बाळाला हात लावण्याआधी हात धुवा, आणि घरच्यांना दिसतील असे धुवा. मग पुढच्या वेळी आजीला "बाळाला घेण्याआधी हात धुवा" हे वेगळं सांगायला लागत नाही.

वेळेचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त बिनसतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा, कधी रात्री-अपरात्री. पाणी सुटलं की घरातलं लहान-थोर सगळं पिंपं, हंडे, बादल्या भरायला लागतं. त्या वेळी साक्षात सिद्धरामेश्वर दारात आले तरी त्यांना थांबावं लागेल. तयार विड्या कारखान्यात नेऊन द्यायची वेळ ठरलेली असते. ती चुकली तर दिवसाची मजुरी लटकते. रात्रपाळीची माणसं दुपारी झोपलेली असतात. आणि तुमची बस अकरा वाजता येते. त्या दिवशी दार अर्धं उघडतं, "सगळं बरं आहे" असं उत्तर मिळतं आणि तुमच्या वहीत "कुटुंब सहकार्य करत नाही" असं लिहिलं जातं. एक फोन आदल्या दिवशी केलात तर हे टळतं.

याच पाण्यावरून आणखी एक. डेंग्यूच्या दिवसांत तुम्ही येऊन सांगता, "पाणी साठवून ठेवू नका." चार-पाच दिवसांआड पाणी मिळणाऱ्या बाईला हे वाक्य ऐकू येतं ते असं, की या मुलांना आपलं काहीच माहीत नाही. त्यानंतर तुम्ही सांगितलेलं बरोबरही तिच्या कानात जात नाही. त्याऐवजी असं सांगा: पाणी सुटायच्या आधी पिंपाचा तळ गाठला की उरलेलं पाणी झाडांना घाला आणि पिंप आतून घासून घ्या, कारण डासाची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, तेवढ्यात एकदा घासलं तरी पुरतं. भरल्यावर वरून जुनं धोतर किंवा साडीचा तुकडा बांधा. हे तिला जमण्यासारखं आहे. माझ्या गल्लीत हे जमलं आहे.

तंबाखूचंही तसंच. "विड्या वळणं सोडा" असं म्हणणाऱ्या मुलाला मी दर वर्षी एकदा तरी भेटते. सोडून काय करायचं, हे त्याच्या वहीत नसतं. विडीवरच हे घर चालतं, त्या विडीनंच माणसं आजारीही पडतात, दोन्ही खरं आहे आणि घरातल्या बाईला दोन्ही ठाऊक आहे. तिला सांगता येण्याजोगं पुष्कळ आहे. सूप घेऊन दाराच्या उजेडात बस. बाळाला पाजण्याआधी हात कोपरापर्यंत धू. तंबाखूची पिशवी बाळ झोपतं तिथे नको. तासाभरानं उठून पाठ ताण. मिसरीबद्दल विचारताना "मिसरी लावता का?" असं फौजदारासारखं विचारलंत तर सगळ्या "नाही" म्हणतील. "दिवसातून किती वेळा लावायला लागते?" असं विचारा, मग बोटं मोजून सांगतात. आणि विचारून थांबू नका. उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा, पांढरा चट्टा दिसतो का, तोंड नीट उघडतं का ते बघा. तुमच्यातल्या एका मुलानं असंच बघून आमच्या एका मावशीला वेळेत पुढे पाठवलं. ती मावशी अजून त्याच्या नावानं सोमवार धरते.

आता बोटाचं सांगते. शुगर तपासायला तुम्ही बोटाच्या टोकाला सुई टोचता, बहुतेक वेळा उजव्या हाताची तर्जनी पुढे ओढून. विडी वळणाऱ्या बाईचं ते बोट म्हणजे तिचं हत्यार. दिवसभर पान गुंडाळताना, टोक मुडपताना ते दुखत राहतं आणि तंबाखू त्यात झोंबते. अनामिका घ्या, टोकाऐवजी बाजूला टोचा. तुमच्या पुस्तकातही तसंच आहे. त्याहून चांगलं म्हणजे तिलाच विचारा, "अम्मा, कुठलं बोट देता?" एवढ्या एका प्रश्नानं ती तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागते.

आणि टोचलंत तर आकडा सांगा. रक्त काढून नेलंत तर अहवाल आणून द्या. एका शिबिरात आमच्या गल्लीतल्या चाळीसेक बायकांचं रक्त घेतलं होतं. कुणाचं हिमोग्लोबिन किती, ते आजतागायत कुणाला कळलं नाही. पुढच्या शिबिराला मी दारोदार फिरले तेव्हा त्यातल्या एकीनं हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "रक्त विकतात का गं हे?" मी दोन तास समजावत बसले. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली, एरवी १२ च्या खाली असेल तर कमी, हे मी आता स्वतः सगळ्यांना शिकवलं आहे, त्यामुळे त्या आकडा मागतात. त्यांनी मागितला तर वैतागू नका. लोहाच्या १८० गोळ्या दिल्या असं लिहिण्याआधी ती गोळी कशाबरोबर घेते ते विचारा. आमच्याकडे सगळं चहाबरोबर घेतात, आणि चहानं गोळीतलं लोह नीट अंगी लागत नाही.

शिबिराबद्दल गैरसमज नको. आषाढीला पंढरपुरात वारकऱ्यांसाठी शिबिरं हवीतच. पायाचे फोड, उलट्या-जुलाब, अंगातलं पाणी कमी होणं, हे तिथल्या तिथे बघायचं असतं, कारण माणूस दुसऱ्या दिवशी पुढे निघून जातो. वारीत काम केलेली मुलं वस्तीत आली की ओळखू येतात, खाली बसायला लाजत नाहीत. पण आमची गल्ली कुठे निघून जात नाही. इथे फलक लावून, फोटो काढून, तीन तासांत दोनशे माणसं तपासून जाण्यानं काही साधत नाही. बीपी एकदा वाढलेलं दिसलं म्हणजे आजार ठरला असंही नाही. पुन्हा बघायला कुणी तरी यायला हवं.

फोटो. या बाबतीत मला कडक बोलायचं आहे. कुणाच्या घरात, कुणाच्या अंगावर जखम असताना, कुणी पाजत असताना मोबाईल वर करू नका. "विचारून काढला" असं म्हणता, पण अ‍ॅप्रन घातलेल्या माणसाला आमच्या बायका नाही म्हणत नाहीत. तो होकार नसतो, ती भीड असते. एका मुलीनं आमच्या गल्लीत रील केलं होतं. त्यात मागे एक घर दिसत होतं, त्या घरात क्षयरोगाचे उपचार चालू होते आणि खाली तसं लिहिलंही होतं. तिच्या मनात वाईट नव्हतं. त्या घरातल्या मुलीचं लग्न ठरत होतं. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही.

रुग्णाची गुपितं बाहेर जाऊ नयेत, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचार-नियमांत आहे. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा वेगळा कायदाच आहे. पण गुपित तोंडानंच फुटतं असं नाही. पांढऱ्या अ‍ॅप्रनमधली दहा मुलं एकाच दारात शिरली की गल्लीला काही सांगावं लागत नाही. क्षयाच्या रुग्णाकडे जायचं असेल तर दोघंच या, ओळीतल्या चार घरांत बसा, त्यात ते एक असू द्या. किंवा मला सांगा, मी त्यांना आरोग्य केंद्रात बोलावते. उपचार किमान सहा महिन्यांचे, गोळ्या मधेच सोडल्या तर औषधं लागू पडेनाशी होतात, म्हणून तर त्या घराचा विश्वास टिकायला हवा. क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० झाले आहेत. ते खात्यात जमा होतात का, बँकेचं कुठे अडलं आहे का, एवढं विचारलंत तरी मोठी मदत होते. पैसा अडला की माणूस कामावर जातो आणि कामावर गेला की गोळी चुकते.

भाषा. तुमच्यात लातूर, नांदेड, विदर्भ, मुंबई, सगळीकडची मुलं असतात. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एका गल्लीत ऐकू येतात. अक्कलकोट तालुक्यात माझी एक मैत्रीण आशा आहे, तिच्या गावात म्हाताऱ्या बायका कन्नडच बोलतात. चारही भाषा शिका असं कोण म्हणेल? पण तेलुगूत "बागुन्नारा?" म्हणजे बरं आहे ना, आणि कन्नडमध्ये "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, एवढं तरी म्हणा. कुठे दुखतं, कधीपासून, पुन्हा येते, अशी दहा-बारा वाक्यं पाठ करायला एक संध्याकाळ लागते, मी लिहून देईन. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापुरात १९१० साली जन्मले. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि तिथली भाषा शिकून तिथल्या जखमींवर उपचार करत राहिले, १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक पाहायला तुम्हाला नेतात. तिथे उभं असताना भाषेचंही मनात आणा.

आणि दुभाषी म्हणून लेकराला कधीही उभं करू नका. पाळीचं, पोटातल्या बाळाचं, नवऱ्याच्या दारूचं, मारहाणीचं विचारायचं असेल तर मोठी बाई हवी, आणि शक्यतो नात्यातली नको. मला बोलवा. मी नसेन तर दुसरी आशा असते. तीही नसेल तर तो प्रश्न त्या दिवशी विचारू नका, जागा कोरी ठेवा. शून्य लिहू नका.

आता एका मुलीबद्दल. यवतमाळकडची, दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या यादीत आमचं घर आलं. पहिल्यांदा आली तेव्हा अम्माजवळ बसून नुसती विडी कशी वळतात ते बघत बसली. पत्र्याचं माप ठेवून पान कसं कापतात, ते कापून बघितलं. "बागुन्नारा" असं काही म्हणाली की शेजारणी हसल्या आणि अम्मानं तिला तो शब्द चारदा म्हणायला लावला. दुसऱ्या भेटीत बीपी घेतलं, १७० वर १००. अम्मा म्हणाली, गोळ्या चालू आहेत. मीही तेच सांगितलं असतं, मी आशा आणि तिची मुलगी. ती पोरगी काही बोलली नाही. तिसऱ्या भेटीत म्हणाली, "अम्मा, डबा दाखवता?" महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या एकोणीस तशाच होत्या. डोकं दुखलं की अम्मा गोळी घ्यायची, नाही दुखलं तर वाचवून ठेवायची, कारण केंद्रात जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडतात. माझ्याच घरातली ही गोष्ट, आणि मला ठाऊक नव्हती.

ती रागावली नाही. तिनं विचारलं, "सकाळी उठून आधी काय करता?" अम्मा म्हणाली, पानं भिजवते. तेव्हापासून गोळ्यांची डबी पानं भिजवायच्या पातेल्याशेजारी असते. दोन महिन्यांनी १३८ वर ८६ झालं. दिवाळीत पुन्हा वाढलं, पुन्हा खाली आलं. ती प्रत्येक वेळी येत राहिली.

त्यातल्याच एका दुपारी मी बाहेर पापड वाळत घालत होते आणि आतून अम्माचा आवाज ऐकला. मोडक्या मराठीत, कुणी न विचारता, ती सांगत होती, "माझे दोन गेले. पोटात." पोरगी गप्प होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "लिहू का, अम्मा? नको असेल तर नाही लिहीत." अम्मा म्हणाली, लिही. १९९६ चं ते शून्य असं पुसलं गेलं.

सर-मॅडमना थोडं सांगायचं आहे, तुमचा मान राखून. एका गल्लीत तीस मुलं सोडू नका, दोघादोघांची जोडी पुरे. जी घरं दिली ती शेवटपर्यंत तीच ठेवा. वहीवर सही करण्याआधी एखाद्या घरी फोन करून विचारा, ती मुलं कशी वागतात. आमच्या बायका शिकलेल्या नसतील, पण कुणी ऐकलं आणि कुणी नुसतं लिहून घेतलं, ते त्यांना नेमकं सांगता येतं. मुलींना चार तास फिरवता तेव्हा त्यांच्या शौचालयाची सोय आधी बघा; किती जणी पाणीच पीत नाहीत, एप्रिलच्या उन्हात, हे मला माहीत आहे. माझं घर त्यांना उघडं आहे. आणखी एक, बोलायला अवघड वाटतं तरी लिहिते. रुग्णांसमोर, आमच्यासमोर मुलांचा पाणउतारा करू नका. रॅगिंगविरुद्ध २०२१ चे नियम आहेत, ते वसतिगृहापुरते धरू नका. सकाळी ज्याला सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं गेलं, तो दुपारी माझ्या गल्लीतल्या म्हातारीवर खेकसलेला मी पाहिला आहे. दोन्ही एकाच दिवशी, माझ्या डोळ्यांसमोर.

इंटर्न मुलांना: तुमचे बारा आठवडे समाजवैद्यकशास्त्राचे असतात. पुढच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास डोक्यावर असतो, म्हणून ते आठवडे तुम्ही सुट्टीसारखे वापरता आणि तुमच्या जागी सही दुसरा कुणी करतो. मला पुढच्या परीक्षेचं दडपण कळतं, माझा भाचा त्यातून गेला आहे. तरी सांगते, लसीकरणाच्या दिवशी केंद्रात एक डॉक्टर कमी असला की ओळ उन्हात जाते आणि बाळं घेऊन आलेल्या दोन-तीन आया परत जातात. त्या पुढच्या वेळी येतीलच असं नसतं. एकमेकांत वाटून घ्या, पण ते दिवस रिकामे ठेवू नका.

आणि जमणार नाही त्याचा शब्द देऊ नका. "ऑपरेशन करून देतो", "मोठ्या सरांशी बोलतो" असं सहज म्हणून जाता. तुम्ही विसरता, ते घर वाट बघतं. "मला माहीत नाही, विचारून सांगते" हे वाक्य आमच्याकडे कमीपणाचं नाही. फक्त विचारून सांगायला या.

नवी बॅच लवकरच येईल. माझा नंबर तुमच्या विभागात आहे. आदल्या दिवशी फोन करा, पाणी कधी सुटणार आहे ते विचारून ठेवते. त्याच्या दुसऱ्या दिवशी या, सकाळी दहाच्या आत, विड्या द्यायला जाण्याआधी. अम्मा घरीच असते.

तुमची,
पूर्व भागातली एक आशा